टॅपिंग शिकायला दोन लाखांचं वाद्य लागत नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

हल्ली आपल्या बडोद्यातली बरीच कॉलेजची मुलं मोबाईलवर दोन्ही हातांच्या बोटांनी तारा ठोकून वाजवणारे, म्हणजे टॅपिंग करणारे, लोक बघतात आणि मग घरी हट्ट सुरू होतो, त्यासाठीचं खास वाद्य पाहिजे, चॅपमन स्टिक नाहीतर हार्पेजी. मी गिटार शिकवतो, सेटअपची, म्हणजे गिटारची मान आणि तारांची उंची जुळवून द्यायची, कामंही करतो, त्यामुळे आईवडील विचारायला येतात की एवढे पैसे घालायचे का. माझं उत्तर एकच, पहिलं वाद्य म्हणून अजिबात नाही. पण मुलाला नाही म्हणू नका, कारण ही विद्या खरंच सुंदर आहे आणि साध्या इलेक्ट्रिक गिटारवर ती व्यवस्थित शिकता येते.

एमेट चॅपमन या अमेरिकन गिटारिस्टला १९६९ मध्ये ही पद्धत सापडली, दोन्ही हात गिटारच्या मानेच्या, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्याच्या, दोन बाजूंनी समोरासमोर आणायचे आणि बोटाने तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, ठोकायची, छेडायची नाही. त्यासाठी त्याने वेगळं वाद्यच बनवलं आणि १९७४ पासून विकायला लागला. साधारण १० तारा, ५ सुरावटीच्या आणि ५ बेसच्या, म्हणजे एकटा माणूस पियानोसारखं दोन्ही वाजवतो. किंग क्रिम्सन या रॉक बँडच्या टोनी लेविनमुळे ते जगभर माहीत झालं. हार्पेजी नंतरची, २००७ ची, ती आडवी ठेवून वाजवतात, आपल्याकडे ए. आर. रहमान वाजवतात म्हणून मुलांना माहीत आहे. दोन्ही वाद्यं अमेरिकेत बनतात, नवीन स्टिक कुरियर आणि ड्युटी धरून दोन लाखाच्या वरच जाते, आणि नंतर तारांचा सेट संपला किंवा काही बिघडलं तर दांडिया बाजारात काय, मुंबईतही पटकन मिळायचं नाही.

आता स्वस्तात काय करायचं ते नीट सांगतो, कारण इथेच लोक फसतात. दुकानात जाऊन टॅपिंगला गिटार द्या म्हटलं की बऱ्याचदा अकूस्टिक हातात देतात. ती नको. बोटाने ठोकल्यावर तारेत जोर फार कमी जातो, तो आवाज वाढवायला पिकअप (तारेची थरथर पकडणारा गिटारवरचा भाग) आणि अँप (आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) लागतोच, शिवाय अकूस्टिकच्या तारा जाड आणि फ्रेटपासून उंच, मुलाची बोटं दुखतात आणि आठवड्यात गिटार कोपऱ्यात जाते. दहा-पंधरा हजारांची साधी इलेक्ट्रिक घ्या, जुनी चांगली मिळाली तर अजून बरं, आणि उरलेला पैसा सेटअपवर घाला. मान जवळजवळ सरळ हवी, बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची दीड मिलिमीटरच्या आसपास आणि तारा हलक्या, नऊ गेजचा सेट, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच जाडीची. विकत घेताना दुकानात कानाने तपासा, प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेटला एका बोटाने हलकेच ठोकून बघा, वेळ लागला तरी लागू दे, दुकानदार कंटाळला तरी कंटाळू दे. कुठे आवाज मरतो, कुठे तार झणझणते ते लगेच कळतं. फ्रेट वरखाली असतील तर तार खाली आणताच येत नाही, मग गिटार कितीही चकचकीत असो, परत ठेवा. ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक कमीजास्त करणारी आतली सळी, फिरतो का तेही विचारून घ्या.

आणखी एक. फ्रेटवर बोट ठोकलं की तार बोटाच्या दोन्ही बाजूंना वाजते, म्हणजे नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या) बाजूचा नको असलेला सूरही ऐकू येतो. स्टिकवर त्यासाठी नटपाशी तो सूर दाबणारा डँपर असतो, आपल्याला बायका केसांना लावतात तो कापडी रबर पहिल्या फ्रेटच्या मागे चढवला की काम होतं. ट्युनिंग सगळं चौथ्यांत करा, म्हणजे प्रत्येक दोन शेजारच्या तारांत सा ते म इतकंच अंतर, त्यासाठी बारीक दोन तारा अर्ध्या सुराने चढवून सी आणि एफ, अमेरिकन जॅझ गिटारिस्ट स्टॅनली जॉर्डनही असंच लावतो आणि दोन्ही हातांनी टॅपिंगच करतो, तेही साध्या सहा तारांच्या गिटारवर. फायदा हा की एका ठिकाणी शिकलेला हाताचा आकार सगळ्या तारांवर तसाच चालतो. बेसची ओढ असेल त्याने पाच तारांचा बेस घ्यावा, फक्त त्याची मान लांब असते, लहान हातांना जड जातं. वर्षभर रोज बसून दोन हात वेगवेगळे चालायला लागले, मग जुनी स्टिक शोधायला हरकत नाही.

शेवटी एक विनंती आहे आणि ती मनापासून आहे. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गवई मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, तेव्हापासून या गावात संगीत शिकायला घराण्यात जन्मावं लागत नाही. आज सुरसागरजवळ त्याच शाळेची पुढे झालेली परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. तिथे किंवा गावातल्या एखाद्या मराठी संस्थेत, लोकांनी वर्गणी काढून का होईना, एक स्टिक आणि एक छोटा अँप ठेवावा, ठरलेल्या वेळी कुणालाही अर्धा तास वाजवून बघता यावा. सेटअप आणि पहिले धडे मी फुकट देईन, तारा बदलायचं कामही माझ्याकडे. ज्यांना यात हात लावायचा असेल त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावं, तुम्ही माझा पत्ता त्यांना द्या.

– एक गिटार शिक्षक, दांडिया बाजार, बडोदा