‘अशुद्ध’ म्हणून परत आलेली वही

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड गावात मी दर रविवारी लेखनवर्ग चालवतो. गेल्या वर्षी इथल्या कार्यक्रमात मंचावरून शब्द मिळाला की, लेखनस्पर्धेत मुलांना घरच्या बोलीत, हव्या त्या प्रकारात लिहिता येईल. तो शब्द मी घरोघर जाऊन सांगितला.

या सोमवारी सातवीतल्या एका मुलीची वही परत आली. लाल शाईत शेरा : ‘भाषा अशुद्ध. लेखनप्रकार अस्पष्ट. अपात्र.’

तिनं काय लिहिलं होतं ते ऐका. पहिलं पान टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीसारखं : उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे किती, खाडे किती, फिटले किती, अंगावर राहिले किती. खाली आजीकडून ऐकून उतरवलेल्या जात्यावरच्या चार ओव्या. मग गावाकडं राहिलेल्या धाकट्या भावाला उसाच्या फडातून पत्र. ‘मायनं मोळी उचलली तवा चांदण्या व्हत्या, मी कोपीत भाकरी थापत व्हते, आन तुजी शाळा भरायला लई येळ व्हता.’ यात अशुद्ध काय आहे, साहेब? हिशोब, ओवी आणि पत्र एका वहीत आले, कारण तिच्या कोपीत, फडावरच्या त्या झोपडीत, ते एकत्रच नांदतात.

मला हा शेरा ओळखीचा आहे. पाचवीत मी दिवाळीवरच्या निबंधात लिहिलं की, दिवाळी झाली की आम्ही ऊसतोडीला निघतो, आमच्या घराला कुलूप लागतं. गुरुजींनी ते मोठ्यानं वाचलं, वर्ग हसला, आणि मला आकाशकंदील-फराळाचा निबंध तीनदा उतरवायला लावला. पुढची 19 वर्षं मी स्वतःचं एक वाक्य लिहिलं नाही. बाप वारला तेव्हा त्याच्याबद्दल चार ओळी लिहायला बसलो, रात्र गेली, कागद कोराच राहिला. तो राग अजून उतरलेला नाही.

म्हणून हा वर्ग काढला. 23 मुलं येतात, त्यांच्या आया येतात, दोन आज्या येतात. ज्याला लिहिता येत नाही तो सांगतो, दुसरा उतरवून घेतो, खाली नावं दोघांची. डोळ्यांनी अधू असलेला एक पोरगा नुसत्या आवाजांची गोष्ट सांगतो, बैलांच्या घुंगरांपासून कारखान्याच्या भोंग्यापर्यंत. सगळ्यांत आधी तीच ऐकायची असते मुलांना.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात भाषा ठरली. ज्या लीळाचरित्राचा आपण अभिमान सांगतो, ते म्हाइंभटांनी माणसं गाठून, त्यांच्याकडून चक्रधरस्वामींच्या आठवणी ऐकून उभं केलं. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी गाणी उतरवून घेतली म्हणून ती 1952 साली छापून आली. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं 1855 साली मांग-महारांचं दुःख लिहिलं, ते ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकानं छापलं. आणि आज आमची पोरगी आपलं दुःख लिहिते तर अपात्र? दहावीच्या मराठीत 80 पैकी 24 गुण उपयोजित लेखनाचे. मुलं गाइडातली बातमी, गाइडातली कथा पाठ करून जातात आणि पास होतात. कोणालाच त्याचं काही वाटत नाही. स्वतःचं लिहिणाऱ्याला मात्र लाल शाई. सोहळ्यांचे मंडप उभारणाऱ्या या सगळ्या व्यवस्थेला मराठी हवी आहे, मराठी बोलणारी माणसं नकोत, असं मी आता उघड म्हणतो.

ही वही आमची बोली कळणाऱ्या माणसाकडून पुन्हा वाचून घ्या. अर्जावरचा ‘लेखनप्रकार’ हा रकाना काढा. भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांना वर्षातून चार दिवस अशा वर्गांत बसवा, आयांच्या शेजारी, लिहून घ्यायला.

मुलीला मी शेरा अजून दाखवलेला नाही. ती रोज विचारते. तिची टोळी दिवाळीनंतर निघते, उत्तर त्याआधी द्या.

आपला,
रविवारच्या वर्गाचा शिक्षक