जुन्या गाडीच्या मालकापर्यंत रिकॉल पोचणार कसा?

महोदय,

जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या दोष तपासून दुरुस्त करण्यासाठी परत बोलावल्या, म्हणजेच रिकॉल केल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात तयार झालेल्या या गाड्यांच्या स्टिअरिंग टाय रॉडच्या एका भागात दोष असू शकतो आणि क्वचित तो तुटू शकतो, असे कंपनीनेच कळवले होते. वर्कशॉपमधून फोन जातो तो मात्र त्यांच्या नोंदीतल्या ग्राहकाला, म्हणजे बहुधा पहिल्या खरेदीदाराला. यातली एखादी ईको मधल्या काळात विकली गेली असेल आणि आज शाळेच्या मुलांची ने-आण करत असेल, तर तिच्या नव्या मालकाला यातले काही कळले असेलच असे नाही.

टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगच्या रॅकपासून (स्टिअरिंग फिरवले की आडवी सरकणारी दात्यांची पट्टी) पुढच्या चाकाच्या नकलपर्यंत (चाक ज्यावर बसते आणि वळते तो भाग) जाणारा दांडा. डावीकडे एक, उजवीकडे एक. तो तुटला की त्या बाजूच्या चाकाचा स्टिअरिंगशी संबंध संपतो. एक चाक हाताचे ऐकते, दुसरे रस्ता नेईल तिकडे वळते.

झिजलेला टाय रॉड एंड, म्हणजे दांड्याचे चाकाकडचे टोक, आधी बोलतो. खड्ड्यात टकटक येते, स्टिअरिंगला प्ले (ढिलेपणा) जाणवतो, टायर एकाच कडेने खातो. पुढचे चाक जॅकवर उचलून घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरावे आणि आडवे हलवावे. या टोकाचा बॉल जॉइंट (गोळीचा सांधा) ढिला असेल तर हाताला लगेच लागते. कारखान्यातूनच आलेला दोष मात्र असा सापडेल याची खात्री नाही. तेव्हा ‘आवाज नाही ना, मग चालू द्या’ हा गॅरेजवाल्याचा सल्ला इथे चालत नाही.

आरसीवरचा चेसिस नंबर (मारुतीचा बहुधा एमए३ ने सुरू होतो, पुढे १४ अक्षरे-आकडे) कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की आपली गाडी रिकॉलमध्ये आहे की नाही ते कळते. काम मोफत असते, मजुरीही लागत नाही. जॉब कार्डवर रिकॉलची नोंद मात्र लिहून घ्यावी. पुढे गाडी विकताना तीच उपयोगी पडते. टाय रॉड बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावीच. एंड दोन-चार आटे कमी-जास्त बसला तरी टो (पुढची चाके आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) बिघडतो, स्टिअरिंग तिरके राहते आणि नवे टायर काही महिन्यांत घासून जातात. एंड जागेवर धरणारा लॉक नट पक्का आवळलेला आहे आणि जिथे कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालायची पिन) असते तिथे ती नवी घातली आहे, हे गाडी खाली उतरवण्याआधीच पाहावे.

सगळे रिकॉल सवडीने उरकण्यासारखेही नसतात. ऑगस्ट २०२४ मध्ये २,५५५ अल्टो के१० गाड्यांच्या स्टिअरिंग गिअरबॉक्समध्ये दोषाची शक्यता दिसली, तेव्हा भाग बदलेपर्यंत गाडी चालवूच नका, असे कंपनीने सांगितले होते. अशी गाडी ओढून किंवा उचलूनच न्यावी.

रिकॉलसाठी कायदा नाही असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले, एप्रिल २०२१ पासून नियमही लागू झाले. पण सात वर्षांपेक्षा जुनी गाडी त्यांत बसत नाही. शिवाय वर्षाला दहा हजारांवर खपणाऱ्या मोटारीच्या सक्तीच्या रिकॉलसाठी तक्रारींचा आकडा १,२५० ठेवला आहे. स्टिअरिंगच्या बाबतीत इतक्या तक्रारींची वाट पाहायची?

जर्मनीत वाहन नोंदणीच्या सरकारी दप्तरातून सध्याच्या मालकाचा पत्ता काढून रिकॉलचे पत्र जाते आणि गंभीर दोष दुरुस्त न केल्यास गाडी रस्त्यावर आणण्याला बंदीही होऊ शकते. आपल्याकडे वाहन नोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ प्रणालीत सध्याच्या मालकाचे नाव-पत्ता असतोच. (मोबाइल नंबर कित्येकदा एजंटचा असतो, ते वेगळे दुखणे.) कंपन्यांनी रिकॉलचे चेसिस नंबर या प्रणालीत भरावेत. फॉर्म २९-३० भरून नाव बदलताना आणि व्यावसायिक गाडीच्या पासिंगच्या वेळी बाकी असलेला रिकॉल पडद्यावर दिसावा, आणि काम झाल्याशिवाय कागद पुढे सरकू नये. खासगी गाडी पंधरा वर्षे पासिंगला जात नाही, पण पीयूसीला दरवर्षी जाते. तिच्या मालकाला ही सूचना पीयूसीच्या कागदावरच छापून मिळावी.

— एक वाचक, नाशिक