चिनू, फोन मीच आपटला

प्रिय चिनू,

रविवारी फोन मीच आपटला. आई म्हणाली लगेच परत लावा, पण नाही लावला. म्हणून हे टाइप करतोय, एका बोटाने, चुका सांभाळून घे.

माळ्यावरच्या तुझ्या खोक्यातलं ते जेम्स बाल्डविन या अमेरिकन लेखकाचं पुस्तक काढलं. म्हटलं बघू तरी, कोणापायी आमचं पोरगं चांगली नोकरी सोडून लिहायला बसलंय. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला, नऊ भावंडांत थोरला, काळा म्हणून न्यू जर्सीतल्या हॉटेलांत जेवण द्यायलाही नकार, शेवटी १९४८ ला ४० डॉलर खिशात घेऊन पॅरिसला गेला. ४०! तुझ्याकडे किती उरलेत? खरा आकडा सांग. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, असो.

पॅरिसात कोणा ओळखीच्याने दुसऱ्या हॉटेलातून उचललेली चादर याच्याकडे सापडली, आठ दिवस तुरुंगात. तुझ्या रूमवरच्या चादरी कोणाच्या आहेत रे? गंमत केली. पण पहिली कादंबरी आली १९५३ ला, म्हणजे पाच वर्षं, आणि तोपर्यंत खायचं काय, भाडं कसं... परत तेच. सॉरी.

खरं तर मी अडकलो त्याने बापावर लिहिलेल्या लेखापाशी. सावत्र बाप, कडक, चर्चमध्ये प्रवचन करणारा. मुलगाही चौदाव्या वर्षापासून प्रवचन करायचा. एकदा बापाने मध्येच विचारलं, तुला प्रवचनापेक्षा लिहायलाच आवडेल ना? हा म्हणाला, हो. बस, तेवढंच काय ते दोघांचं खरं बोलणं झालं असं त्याने लिहिलंय. १९४३ ला बाप गेला, दफन नेमकं याच्या एकोणिसाव्या वाढदिवशी. तिथे मी चष्मा काढून ठेवला.

दहावीत तू निबंधात जिल्ह्यात पहिला आलास तेव्हा मी विचारलं होतं, आणि गणितात किती? आई अजून काढते. तो निबंध मी वाचलाच नव्हता. परवा कपाटातून काढून वाचला. आजोबांच्या सायकलीवरचा. शेजारच्या काकांनाही ऐकवला, त्यांना नको असताना.

तू काय लिहितोयस ते पाठव. इंग्रजीत असेल तरी पाठव, डिक्शनरी बाहेरच आहे.

तुझा,
बाबा

ता.क. पीएफला हात लावू नकोस. पैसे संपले तर मला सांग, आईला नको.