लाल की हिरवी?

ट्रॉय, मिशिगन
ऑक्टोबर अखेर

प्रिय बंड्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मागे लेथ चालू असल्यामुळे निम्म्या शिव्या अंदाजानं भरून घेतल्या, पण मुख्य वाक्य स्वच्छ ऐकू आलं: "लेका, गाडी तुझी, पैसा तुझा, आणि रंग मात्र पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुठल्यातरी कारकुनानं कागदावर लिहिलेला लावणार?" फोनवर उत्तर दिलं असतं तर तू दोन मिनिटांत माझं तोंड बंद केलं असतंस. म्हणून लिहितोय. इथं तुला मध्येच बोलता येणार नाही.

आधी गाडीबद्दल सांगतो, कारण तू फक्त फोटो पाहिलेत आणि फोटोत ती नुसतीच लाल दिसते. ती १९६७ ची पॉन्टिॲक जीटीओ आहे. इथले लोक ज्याला मसल कार म्हणतात तो प्रकार जीटीओपासूनच सुरू झाला असं बहुतेक जण मानतात. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. १९६४ मध्ये जॉन डेलोरियन आणि त्याच्या पॉन्टिॲकमधल्या इंजिनिअरांनी टेम्पेस्ट नावाच्या साध्यासुध्या गाडीत ३८९ घन इंचांचं इंजिन बसवलं आणि ते वेगळं मॉडेल म्हणून नव्हे, तर 'ऑप्शन' म्हणून विकलं. नियम मॉडेलला होता, ऑप्शनला नव्हता. आपल्याकडच्या एखाद्या मुरलेल्या सहकारमहर्षीला शोभावी अशी पळवाट! नाव तर फेरारीकडून सरळ उचललं. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या, मग वरच्या साहेबांनी नियमाकडे डोळेझाक केली.

१९६७ ला इंजिन ४०० घन इंचांचं झालं, म्हणजे साडेसहा लिटर. तुझी प्रीमियर पद्मिनी १०८९ सीसीची. तशी सहा इंजिनं एका बोनेटखाली. वजन दीड टनाहून जास्त, आणि एवढं धूड थांबवायला चारही चाकांना ड्रम ब्रेक. या शेवटच्या गोष्टीवर पुन्हा येतो.

आता कागद. पॉन्टिॲक हा ब्रँड २०१० मध्ये कायमचा बंद झाला, पण कारखान्याच्या जुन्या बिलिंग रेकॉर्डच्या प्रती मिळतात. पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस नावाची संस्था चेसिस नंबर आणि फी घेऊन त्या पाठवते. शेव्हरलेवाल्यांचं नशीब एवढं चांगलं नाही, त्यांना मूळ कागद सीटखाली नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला सापडला तर सापडला. माझे कागद आले आणि कळलं, की गाडी लिंडन ग्रीन रंगाची होती, ऑटोमॅटिक गियरची होती आणि चाकांना साध्या टोप्या होत्या. माझ्या हातात आलेली गाडी लाल, चार गियरची, हातानं गियर टाकायची मन्सी गियरबॉक्स बसवलेली, वर हर्स्ट कंपनीचा गियरचा दांडा, आणि चाकं क्रोमची, क्रॅगर कंपनीची.

एक गोष्ट मात्र जागेवर होती. इंजिन तिचं स्वतःचं आहे. ब्लॉकवर पुढच्या बाजूला 'वायएस' अशी दोन अक्षरं ठोकलेली आहेत, म्हणजे ३३५ हॉर्सपॉवर आणि ऑटोमॅटिकसाठी बनवलेलं. १९६८ पासून ब्लॉकवर गाडीचाच नंबर ठोकायला लागले. त्याआधी इंजिनाला स्वतःचा वेगळा युनिट नंबर असायचा आणि तो कागदाशी जुळवावा लागायचा. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन मी ती जागा घासत होतो, एकेक आकडा वर येत होता, आणि शेवटचा आकडा जुळला तेव्हा गॅरेजमध्ये एकटाच ओरडलो. बायको धावत आली, तिला वाटलं जॅक घसरला.

हे कागद येईपर्यंत माझं मतही तुझ्यासारखंच होतं. लाल रंग मला आवडतो, मुलीला आवडतो, फोटोत झकास दिसतो. मग डेंटिंगचं काम काढलं. मागच्या मडगार्डांचा खालचा भाग आणि डिकीचा तळ गंजून गेलाय. इथं हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे जुन्या गाडीत पत्रा शोधावा लागतो, गंज आपोआप सापडतो. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात कुणीतरी बोटभर जाडीची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ठेवली होती. ती फोडून वॉटर पेपर मारायला लागलो. वर लाल, त्याखाली करडा प्रायमर, मग कुठल्याशा मधल्या मालकाचा काळा, पुन्हा प्रायमर, आणि तळाशी हिरवा. मेटॅलिक आहे, कडेनं उजेड पडला की त्यात बारीक चुरा चमकतो. मग हीटरचा डबा काढला, त्याच्यामागे फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, तळहाताएवढा तुकडा अगदी जसाच्या तसा हिरवा. त्यावर कुणी हात फिरवला नव्हता.

आणि तिथंच माझा लाल रंग खोटा पडायला लागला. ज्यानं कुणी लाल केली त्यानं बाहेरूनच केली होती. दार उघडलं की चौकटीत हिरवा, डिकी उघडली की हिरवा, डॅशबोर्डच्या खालून पाहिलं की हिरवा. दार बंद असेपर्यंतच ही गाडी लाल आहे! आता नीट लाल करायची म्हणजे या सगळ्या सांदीकोपऱ्यांतला मूळ रंग मलाच घासून काढावा लागणार. नवीन रंग लावायला माझी काही हरकत नव्हती. पण तो हीटरमागचा तुकडा स्वतःच्या हातानं खरवडायला मन तयार होईना.

यात भावनेचा भाग किती आणि आळसाचा किती, ते विचारू नकोस.

तू मला सोवळ्यातला समजू नकोस म्हणून इथल्या सोवळ्यातल्यांबद्दलही सांगतो. या छंदात दोन टोकं आहेत. माझ्या ओळखीचा एक जण फायरवॉलवर कारखान्यातल्या कामगारानं मारलेल्या खडूच्या रेघासुद्धा पुन्हा काढतो. होजपायपांचे क्लॅम्प त्याच महिन्याचे, स्पार्क प्लगच्या वायरींवरची तारीख गाडीच्या तारखेच्या आधीचीच हवी. त्याची गाडी ट्रेलरवरून प्रदर्शनाला जाते आणि ट्रेलरवरून परत येते. गंमत म्हणजे तिचा रंग आरशासारखा आहे. कारखान्यातून एवढी गुळगुळीत गाडी कधीच निघत नसे. तेव्हाच्या लॅकर रंगावर संत्र्याच्या सालीसारखा पोत यायचा, दारांच्या फटी कमीजास्त असायच्या. काही परीक्षक आता अशा अतिचांगल्या कामाचे गुण कापतात, आणि मला ते पटतं.

दुसऱ्या टोकाला आमच्या गल्लीतला निवृत्त टूलमेकर. त्याची १९७० ची शेव्हरले शेव्हेल बाहेरून जुनी आणि आत एलएस३ नावाचं आधुनिक इंजिन, ६.२ लिटर, ४३० हॉर्सपॉवर. शिवाय एसी आणि फ्युएल इंजेक्शन, किल्ली फिरवली की जानेवारीतही सुरू. माझे ३३५ आणि त्याचे ४३० यांची तुलनाही होत नाही, कारण तेव्हाचे आकडे इंजिन स्टँडवर ठेवून, पंखा-सायलेन्सर न लावता मोजलेले असायचे, १९७२ पासून खरे आकडे द्यायला लागले. तो म्हणतो, मला गाडी चालवायची आहे, तिची पूजा घालायची नाही. लिलावांत अशा गाड्यांना ओरिजिनलपेक्षा जास्त भाव मिळाल्याचीही उदाहरणं आहेत. त्याच्याबरोबर बसून आलो तेव्हा मजा आली, नाही म्हणत नाही. पण बोनेट उघडल्यावर काळं प्लास्टिक दिसलं आणि माझा उत्साह उतरला. असल्या नव्या इंजिनांचं काम रोजच ऑफिसात करतो रे.

इथल्या लोकांचं एक ठरलेलं वाक्य आहे, गाडी एकदाच ओरिजिनल असते. ज्या गाडीला कुणी हातच लावला नाही तिच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं. तशी मिळाली तर रंग उडालेला असला तरी मी धुण्यापलीकडे काही करणार नाही. पण माझ्या गाडीचं ते 'एकदा' कधीच होऊन गेलंय. शिवाय ओरिजिनल म्हणजे कुठल्या दिवसाची? इथून जवळच रॉयल ओकमध्ये रॉयल पॉन्टिॲक नावाचा डीलर होता. पोरं नवी कोरी जीटीओ घेऊन त्याच्याकडे यायची आणि तो 'बॉबकॅट' किट लावून द्यायचा: पातळ हेड गॅस्केट, कार्बोरेटरला मोठे जेट, डिस्ट्रीब्युटरचं टायमिंग बदललेलं. क्रॅगरची चाकंही गाडी घेतली त्याच आठवड्यात लावायची टूम होती. 'डे टू', म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या, म्हणतात अशा गाड्यांना. म्हणजे कारखान्याचा कागद खरा, आणि शनिवारी इथल्या वुडवर्ड ॲव्हेन्यू या हमरस्त्यावर रेस लावायला निघालेल्या त्या पोराची आवडही तितकीच खरी.

तर माझं ठरलेलं असं. रंग लिंडन ग्रीन, दाराच्या चौकटीसकट. पण लॅकर नाही, आजचाच बेस रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट, आणि आरसा करायचा नाही असं पेंटरला बजावून सांगितलंय. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

ब्रेक मात्र पुढचे डिस्क. यावर मी कुणाचं ऐकणार नाही. वुडवर्डवर सिग्नलमागून सिग्नल, ड्रम तापले की पॅडल खाली जातं आणि गाडी पुढच्याच्या डिकीकडे सरकत राहते. मुलगी शेजारी बसणार आहे. तिच्यासाठी तीन टोकांचे बेल्टही घालतोय, मुळात फक्त कमरेचे होते. सोवळ्यातल्यांना सांगायला एक उत्तरही मिळालं: पुढचे डिस्क ब्रेक १९६७ मध्येच पहिल्यांदा ऑप्शन म्हणून आले होते. कारकुनानं ऑर्डरच्या कागदावरच्या त्या चौकोनात खूण केली असती तर ते ओरिजिनलच ठरले असते.

मन्सी गियरबॉक्स राहणार. ऑटोमॅटिक कुठल्या भंगारात गेला देव जाणे, आणि सापडला तरी बसवणार नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना तो दांडा जसा खटकन बसतो त्यासाठी तर गाडी घेतली. क्वाड्राजेट कार्बोरेटरही तोच. पुढची दोन भोकं बारीक, मागची दोन मोठी. पाय दाबला आणि मागची उघडली की जो घोगरा आवाज येतो तो इंजेक्शनमधून कधी निघायचा नाही. डिस्ट्रीब्युटरमधले ठिणगीचे पॉइंट मात्र गेले. फिलर गेज घेऊन गॅप लावायची हौस आपण दोघांनी कॉलेजच्या दिवसांत भरपूर भागवून घेतली आहे. डिस्ट्रीब्युटरच्या टोपीच्या आत बसणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घातलंय, बाहेरून कळतही नाही. पिस्टनही बदलले. मूळ कॉम्प्रेशन १०.७५ चं, तेव्हाच्या शिसं घातलेल्या पेट्रोलसाठी. आजच्या पेट्रोलवर ते नॉक करतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकतं, म्हणून साडेनऊच्या आसपास आणलं. खडूच्या रेघा जपणारा तो गृहस्थसुद्धा पिस्टन नवेच घालतो, विचारलं की विषय बदलतो.

काढलेला प्रत्येक भाग मी डब्यात, चिठ्ठी लावून ठेवतोय. पुढच्या मालकाला हवं तर त्यानं ड्रम परत लावावेत. पत्रा कापायचा झाला तर फक्त गंजाचा, माझ्या सोयीसाठी एकही भोक पाडायचं नाही, एवढा एकच नियम केलाय.

तुझ्या पद्मिनीला फ्लोअर गियर घालतोयस ना, खुशाल घाल. चालवणारा तू आहेस. पण स्टिअरिंगवरचा गियर, त्याच्या सगळ्या सळ्या आणि बुश भंगारवाल्याला देऊ नकोस. उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत आज सगळं बनवून मिळतं म्हणून तुला किंमत नाही. आणि फ्लोअर कापशील तेव्हा पत्र्याचा कापलेला तुकडाही ठेव, हसू नकोस.

आता एका बाबतीत तुझं मत हवंय. मागच्या सीटच्या वर, काचेखालच्या पट्टीत कुणीतरी पत्र्याच्या कात्रीनं स्पीकरसाठी दोन भोकं पाडली आहेत. अगदी वेडीवाकडी, एक गोल आणि एक बटाट्यासारखं. बहुधा एट-ट्रॅक, म्हणजे त्या काळचा टेप, लावला असणार. पत्रा पातळ आहे, वेल्ड केला तर तापून पिळवटेल, म्हणजे थोडं थोडं टॅक मारत, थांबत थांबत जावं लागेल. वरून कापडी पट्टी येणार, कुणाला दिसणार नाही. नियमाप्रमाणे बुजवायला हवीत. पण ती पाडली कुणी, त्यावर काय वाजत होतं, असा विचार येतो आणि वेल्डिंगची टॉर्च परत खाली ठेवतो. तू पत्र्यातला माणूस आहेस. बुजवायची झाली तर कशी, आणि बुजवावीत का, दोन्ही कळव.

रंगकाम हिवाळ्यात होईल, एप्रिलपर्यंत मीठ धुतलं जाईस्तोवर गाडी बाहेर काढणार नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून चालू आहे, फर्नडेलपासून पार पॉन्टिॲक गावापर्यंत नुसत्या जुन्या गाड्या. व्हिसाचं आत्ताच बघायला लाग, तारीख मिळायला फार वेळ लागतो. वहिनींना नमस्कार, काकूंना सांग गुडघ्याचं तेल संपलं की लगेच कळवायचं, आमच्या बहिणीकडून पोचवतो.

तुझा,
पक्या