कोलोरॅडोचं मतदान आणि बाबांचं कलम ३८९

डेन्व्हर, २३ ऑक्टोबर १९९४

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र दिवाळीच्या आसपास पोचेल. आई, यंदा फराळाचं पार्सल पाठवू नकोस. पोस्टाचा खर्च चकल्यांपेक्षा जास्त होतो आणि रांगेत उभं राहून तुझे गुडघे धरतात. पुढचं बाबांसाठी आहे, पण तूही वाच. त्यांच्या कोर्टाच्या गोष्टी ऐकून निम्मा कायदा तुला पाठच आहे.

बाबा, इथे ८ नोव्हेंबरला निवडणूक आहे. उमेदवारांबरोबर कोलोरॅडो राज्याच्या स्वतःच्या घटनेतल्या दुरुस्त्याही मतपत्रिकेवर असतात. आपल्याकडे संसद ठरवते. इथे विधिमंडळाने दोन-तृतीयांश बहुमताने पाठवलेला मजकूर लोकांपुढे येतो. यंदा त्यात 'रेफरंडम सी' आहे, दोषी ठरलेल्या माणसाच्या जामिनाबद्दल. मला इथे मत नाही, तरी 'तुमच्याकडे कसं असतं?' असं ऑफिसात कुणीतरी विचारतंच.

मजकूर असा: खून, हत्यार वापरून केलेला लैंगिक अत्याचार, पंधरा वर्षांखालच्या मुलावरचा अत्याचार, कायद्याने ठरवलेले हिंसक गुन्हे, आणि ज्यात बंदूक वापरली असा कोणताही गंभीर गुन्हा. यांत दोषी ठरलात की जामीन बंद, अपील चालू असलं तरी. बाकीच्यांना मिळेल, पण माणूस पळणार नाही, कुणाला त्याच्यापासून धोका नाही आणि अपील नुसतं वेळकाढूपणाचं नाही, अशी न्यायाधीशाची खात्री पटली तरच. १ जानेवारी १९९५ पासून घडलेल्या गुन्ह्यांना हे लागू होईल.

बाकीच्यांसाठीची अट मला रास्त वाटते. तुमच्याकडेही हेच पाहत असत ना? जामीनदार कोण, ऐपतीचा दाखला खरा आहे का, सातबारा कुणाच्या नावावर. इथे ते काम धंदेवाईक जामीनदार करतात, ठरावीक टक्के फी घेऊन, आणि ती फी परत मिळत नाही. हा प्रकार पाहून तुम्ही कपाळाला हात लावाल.

लोकांचा राग मी समजू शकते. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात इथे इतका गोळीबार झाला की गव्हर्नर रोमर यांना विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलवावं लागलं. प्राणीसंग्रहालयात गेलेल्या एका तान्ह्या बाळालाही गोळी लागली होती. त्यानंतर 'बंदूकवाल्याला सोडू नका' असं कुणी म्हटलं तर नवल नाही.

पण बंदुकीचं ते कलम मला खटकतं. रात्री दुकानात शिरलेल्यावर दुकानदाराने गोळी झाडली आणि ज्यूरीने स्वसंरक्षणाचा बचाव फेटाळला, तर अपील कितीही भक्कम असो, न्यायाधीशाचे हात बांधलेले. शिवाय हे घटनेत जाणार. साध्या कायद्यात चूक निघाली तर विधिमंडळ पुढच्या अधिवेशनात दुरुस्त करतं. घटनेतली काढायची तर पुन्हा सगळ्या राज्याला मतदान करावं लागेल.

आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८९ मध्ये, म्हणजे अपील चालू असताना दोषीला जामिनावर सोडण्याच्या कलमात, असा सरसकट दरवाजा बंद नाही. वरचं कोर्ट कारणं लिहून शिक्षा स्थगित करू शकतं, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल व आरोपी आधीच जामिनावर असेल, तर अपिलापुरतं खालचं कोर्टच सोडतं. तुम्ही सांगायचात तो १९७७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मी इथल्यांना सांगितला: अपील पाच-सहा वर्षं सुनावणीलाच येणार नसेल, तर जन्मठेपेच्या माणसालाही तोवर डांबून ठेवणं न्यायाचं नाही. त्यावर एकाने विचारलं, 'अपील वेळेवर का चालवत नाही?' याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे मंजूर होईल असंच वाटतं. खुनी सुटावा म्हणून कोण मत देईल? मतपत्रिकेवर प्रश्न त्याच रूपात दिसतो. मला मत असतं तर मी विरोधात दिलं असतं.

बाबा, ३८९ खाली सुटलेली किती माणसं तुमच्या कोर्टातून खरंच पळाली? वीस वर्षांतली आठवतील तेवढी लिहा. आणि आई, डोळ्यांची तारीख मिळाली की लगेच कळव, पैसे आधी पाठवते.

तुमची,
सुमा