वाईट बातमी तुझ्यापर्यंत आधी यावी

कोल्हापूर

चि. मुग्धा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू कारखान्याची प्रमुख झाल्याची बातमी आत्याने एव्हाना साऱ्या राजारामपुरीत पोहोचवली आहे. कोइमतूरसारख्या, ओतकामात मुरलेल्या शहरात एवढ्या मोठ्या फाउंड्रीची सूत्रे माझ्या मुलीच्या हाती आली, हे पाहायला नाना हवे होते. तुझी आई रोज एकदा तरी हे वाक्य म्हणते आणि मग आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोलत नाही.

दिवाळीत आपले जे झाले ते उगाळण्यासाठी हे पत्र लिहीत नाही, असे मनाशी ठरवूनच बसलो होतो. तरी लिहितो. पाडव्याच्या सकाळी रात्रपाळीच्या सुपरवायझरने तुला फोन करून स्टिअरिंग नकलचा, म्हणजे गाडीचे चाक वळवणाऱ्या भागाचा, माल नापास झाल्याचे सांगितले, आणि तू त्याला ज्या शब्दांत झाडलेस ते मी ओसरीवरून ऐकले. तुझा मुद्दा बरोबर होता. परंतु पुढच्या वेळी तो माणूस फोन उचलण्यापूर्वी दहादा विचार करील, आणि माझा जीव अडकला आहे तो त्या दहा वेळांच्या विचारात.

धातुशास्त्र मी तुला शिकवावे असे काही राहिलेले नाही. तरीही आमच्या फाउंड्रीतली एक गोष्ट सांगतो. एसजी आयर्नच्या, म्हणजे गोल ग्राफाइटच्या चिवट बिडाच्या, लॅडलमध्ये (वितळलेला धातू नेण्याच्या भांड्यात) मॅग्नेशियमची प्रक्रिया झाली की तेव्हापासून मिनिटे मोजायची असतात; धातू फार वेळ ताटकळला तर मॅग्नेशियम उतरते, ग्राफाइटच्या गोळ्या नीट बनत नाहीत, आणि कास्टिंग मात्र बाहेरून तितकेच देखणे दिसते. एका रात्री साचे बनवणारी मोल्डिंग लाइन अडली आणि भरलेली लॅडल तशीच लटकत राहिली. ओतणाऱ्याला सारे कळत होते. तो धातू पिगमध्ये, म्हणजे पुन्हा वितळवायच्या साध्या लगडींत, ओतून मोकळा झाला असता. पण आदल्याच आठवड्यात एकाने तसे केले म्हणून त्याला चारचौघांत फैलावर घेतले गेले होते. याने मुकाट्याने साचे भरले. कित्येक आठवड्यांनी ग्राहकाकडे मशीनिंग करताना भाग तडकले, आणि तोवर त्याच मालाच्या गाड्याच्या गाड्या रवाना झालेल्या होत्या. माणूस प्रामाणिक होता, मुग्धा. त्या रात्री खरे बोलणे त्याला परवडत नव्हते, एवढेच.

पुढे आमचे जे शेठ आले, त्यांची सवय तुला मी पूर्वीही सांगितली असेल. सकाळी केबिनमध्ये जाण्याआधी ते रिजेक्शनच्या ढिगाऱ्यापाशी जात. एखादे तुटलेले कास्टिंग उचलून त्याचा भंग उजेडात धरत, अंगठ्याने वाळू पुसून ब्लो होल, म्हणजे वायूने पडलेली भोके, पाहत, आणि फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्या, माणसांना विचारत, ‘हे कसे झाले असेल?’ कोणी केले, हा प्रश्न सर्वांत शेवटी येई, आणि बहुधा तोवर तो माणूस आपणहून पुढे आलेला असे. शेठ फार शिकलेले नव्हते. पण त्यांच्या कारखान्यात त्यांना ठाऊक नाही अशी वाईट गोष्ट शोधून सापडली नसती.

1987 साली पॉल ओनील अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी नफ्याच्या आधी कामगारांच्या सुरक्षिततेचा विषय काढला, आणि कोठेही कोणी जखमी झाले तर 24 तासांत आपल्याला कळलेच पाहिजे असा दंडक घातला. गुंतवणूकदार चक्रावले, पुढे नफाही वाढला. 1996 मध्ये मेक्सिकोतल्या कारखान्यात कामगारांना विषारी वायूची बाधा झाल्याचे वर कळवले गेले नव्हते, म्हणून त्यांनी एका कर्तबगार वरिष्ठ अधिकाऱ्याला काढून टाकले. शिक्षा झाली ती गोष्ट दाबल्याबद्दल. तुझ्या हाताखालच्यांना सध्या नेमके उलट वाटत असेल, अशी मला धास्ती आहे.

आपल्याकडचे बघायचे तर लक्ष्मणराव किर्लोस्कर. चित्रकला शिकायला जे. जे.मध्ये गेले आणि काही रंग आपल्याला ओळखता येत नाहीत हे कळल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले. आपल्या डोळ्यांना काय दिसत नाही हे ज्याला तरुणपणीच उमगले, तो पुढे माणसांवर भरवसा ठेवायला शिकला, असे मला नेहमी वाटते. 1910 मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवताना त्यांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहाऱ्यावर नेमले. त्यांच्या लोखंडी नांगराने जमीन नासते असे शेतकरी म्हणत, तेव्हाही ते शेतकऱ्यांवर चिडून बसले नाहीत. आपण दोघे एकदा वाडीला गेलो होतो, आठवते का? तुला तिथून निघायचे नव्हते.

हे व्याख्यान झाले, याची मला जाणीव आहे. तू चाळिशीला आलीस, आणि मी अजून तुझी वही तपासतो आहे. रागावू नकोस.

खरे तर मला लिहायचे होते त्या खंडेनवमीविषयी. यंत्रांची पूजा झाली होती, सगळे प्रसादाच्या रांगेत होते, आणि तू पॅटर्न शॉपमध्ये मिस्त्रींना विचारत होतीस की साचा बनवायचा लाकडी नमुना खऱ्या भागापेक्षा मोठा का. त्यांनी तुला मांडीशी बसवून आपली आकुंचनाची पट्टी दाखवली. तिच्यावरचा सेंटिमीटर साध्या पट्टीपेक्षा किंचित लांब असतो, कारण बीड थंड होताना शंभराला साधारण एक या हिशेबाने आटते. तू दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत होतीस. एरवी कोणाशी न बोलणारे मिस्त्री त्या दिवशी तुझ्याशी तासभर बोलले. लोक तुला सांगत असत, मुग्धा, कारण तू ऐकत असस.

आणि मग पुन्हा तेच मनात येते. भट्टीचे लाइनिंग, म्हणजे आतले अस्तर, पातळ झाले आहे हे पहिल्यांदा दिसते ते भट्टीवरच्या माणसाला. वितळलेला धातू भट्टीभोवतीच्या कॉइलच्या पाण्यापर्यंत पोहोचला तर केवढा स्फोट होतो, हे आपल्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. दादाच्या वेळचे सारे तुझ्या डोळ्यांसमोर झाले आहे. उत्पादनाचा आकडा गाठायचा आहे, मॅडम चिडतील, म्हणून तो माणूस आणखी एक हीट, म्हणजे धातूची आणखी एक खेप, काढायचे ठरवील, या विचाराने मला पहाटे जाग येते. तू निष्ठुर नाहीस हे मला ठाऊक आहे. त्याला ते ठाऊक आहे का?

तेव्हा मला एवढे कळव की, तुझ्याकडे रात्रपाळीला भट्टी थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, त्यासाठी त्याला तुला फोन करून विचारावे लागते का, आणि गेल्या महिन्यात कोणी ती खरोखर थांबवली का. थांबवली असेल तर त्याचे नावही लिही. अजितरावांना नमस्कार, ओवीला पापा. आईचे डोळ्याचे ऑपरेशन पुढच्या पंधरवड्यात आहे. त्यासाठी धावत येऊ नकोस, पण पत्राचे उत्तर मात्र सवडीने सविस्तर लिही.

तुझा,
बाबा