वही बंद, शिकवणी चालू

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, आधीच सांगते, रागावू नका. चिमूच्या गणिताच्या वह्या यापुढे तुमच्याकडे पाठवायच्या नाहीत, असं मी ठरवलंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालंय आणि तुम्ही रात्री डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या बारीक चौकटींत आकडे लिहीत बसता. आईवर चिडू नका, मीच खोदून खोदून विचारलं.

तुम्हाला बाजूला सारतेय असं मनातही आणू नका. शिकवणी चालूच राहील, फक्त फोनवर, तोंडी. खरं तर तिचं अडतंय तेही तोंडीच सुटेल. ४, ७, १० पाहिलं की ती झटकन १३ म्हणते. नियम विचारला तर ‘तीन मिळवायचे’. मग शंभरावी संख्या कोणती म्हटलं की मिळवतच बसते. परवा काड्यांचे चौकोन ओळीने जोडले, तेव्हा तिला दिसलं: सुरुवातीची उभी काडी एकच, पुढे प्रत्येक चौकोनाला तीन. म्हणजे शंभर चौकोनांना ३०१. हे तिने स्वतःच्या शब्दांत मांडायला हवं. सूत्र मायेपोटी तुमच्या ओठांवर येतं, पण जरा थांबा हं.

आकारांची तर मजाच येईल. तिने वर्णन करायचं, तुम्ही डोळे मिटून आकृती मनात काढायची. ‘चारही बाजू सारख्या’ म्हणाली की कललेला समभुज चौकोन धरून बसा, चौरस मानू नका. एक काटकोन नियमात घातला की पुरतो, उरलेले तीन आपोआप होतात, हे तिचं तिलाच सापडू दे. चौरस हाही आयतच म्हटलं की ती रडकुंडीला येते. तेव्हा एवढंच विचारा, ‘आयताची कोणती अट चौरस मोडतो?’

आई, तूही बस त्यांच्याजवळ. १, २, ४ पुढे काय, विचार. ८ म्हणाली तर बरोबर. पण ७ सुद्धा चालेल, कारण वाढ १ची, २ची, मग ३ची. तीन संख्यांवरून नियम पक्का होत नाही. बाबा, वर्तुळावरचे ठिपके एकमेकांना जोडून तुम्ही तुकडे मोजायला लावायचात, आठवतं? १, २, ४, ८, १६, आणि सहा ठिपक्यांना फार तर ३१! ३२ का नाही म्हणून मी रुसले, तर मांडीवर घेऊन एकेक तुकडा रंगवू दिलात. चिमूला तो रुसवा मिळायलाच हवा.

आता ऐका. थेंब घड्याळ लावून घालायचे. डोळा चोळायचा नाही, वाकून काही उचलायचं नाही, बाहेर काळा चष्मा हवाच. आई, त्यांची पेन्सिल तुझ्या कपाटात ठेव. फोन स्पीकरवर ठेवा आणि पाठीशी उशी घ्या.

रविवारी संध्याकाळी फोन करते. तिचं पहिलं कोडं तयार आहे: समोरासमोरच्या बाजू सारख्या, कर्ण मात्र सारखे नाहीत. बाबा, लगेच उत्तर देऊ नका, तिला अजून एक अट सांगायचीय.

तुमची लेक